मुखरूची अर्धी साक्ष

ढिवराच्या माणसाला पाण्यात बुडवून त्याचा धर्म बदलता येतो, ही गोष्ट बोरटोल्याला काही केल्या पटेना. ज्याचा बाप वैनगंगेत वाढला, आजा वैनगंगेत वाढला, जो स्वतः धड चालायच्या आधी पोहायला शिकला, त्या मुखरूला १९८० च्या उन्हाळ्यात पास्टर वामनरावांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं, डोकं धरून एकदा आत घातलं आणि वर काढलं. काठावर अर्धा गाव बसला होता. "चला, मुखरू एकदाचा नहाला," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मुखरूही हसला. त्या दिवसांत त्याला हसू येत असे.

त्यानं हे का केलं ते गावाला ठाऊक होतं आणि गावाच्या लेखी त्यात वावगंही काही नव्हतं. त्याची एकुलती एक पोर कौसी. ती चार वर्षांची असताना तापानं फणफणली. मातामायला कोंबडं देऊन झालं, मार्कंड्याच्या जत्रेत तिचे केस देईन असं बोलून झालं. ताप उतरेना. शेवटी बायको सीता हिनं पोर पाठीला बांधली आणि दोघं डोंग्यात बसून नदीपलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात गेले. तिथं सुया सुरू झाल्या. दवाखान्याच्या पायरीवर बसल्या बसल्या मुखरूनं या नव्या देवालाही नवस बोलून टाकला, पोर उठली तर तू म्हणशील ते देईन. तिसऱ्या दिवशी कौसी उठून बसली आणि भात मागू लागली.

देव ओळखीचा असो की बिनओळखीचा, नवस फेडावाच लागतो. मुखरूनं दवाखान्यातल्या आयाला गाठलं. गिरजाबाई तिचं नाव, सिरोंचाकडची विधवा. कधीकाळी महारोग झालेला, बरा झालेला, पण हाताची बोटं वाकडी ती वाकडीच राहिलेली. तिची जात कोणती हे कोणालाही माहीत नव्हतं आणि ती सांगतही नसे. ती फरशी पुसत होती.

"बाई," मुखरूनं विचारलं, "तुमच्या देवाले काय लागते? बकरा का कोंबडा?"

"बकरा नाई लागत," ती पुसता पुसता म्हणाली. "तूच लागतो."

"मी? सप्पा?"

"अर्धा घेऊन तो काय करन?"

मुखरूला हा सौदा काही जड वाटला नाही. बकरा शोधत फिरायची यातायात वाचली, असंच त्याला वाटलं. असा तो ख्रिस्ती झाला. नवस म्हणून झाला, हे खरं, पण हळूहळू त्याचा जीव त्यात रमू लागला. मोहाची दारू त्यानं सोडली. गावाच्या टोकाला एका झोपडीत रविवारी उपासना होई, तिथं तो सीता आणि कौसीला घेऊन जाई. जातीतल्या लोकांनी थोडे दिवस पाणी बंद केलं, मग कंटाळून पुन्हा सुरू केलं.

घोडं अडलं ते कोशापाशी.

बोरटोल्याचे ढिवर मासे मारत, पण घर चाले कोशावर. पावसाळ्यात रानातल्या ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या सोडायच्या आणि त्या कोसा विणेपर्यंत चाळीस-पन्नास दिवस तिथंच खोपटं बांधून त्यांची राखण करायची. कावळ्यांना गुलेल मारायची, मुंग्यांच्या वाटेवर राख टाकायची, एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट फांदी छाटून दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवायची. नुसती मेहनत असती तर काही नव्हतं. वर नियम होते. तेवढे दिवस दाढी करायची नाही, तेल लावायचं नाही, मासा खायचा नाही, बायकोजवळ जायचं नाही, आंघोळ केल्याशिवाय झाडाखाली पाय ठेवायचा नाही. आणि सगळ्यांत कडक नियम मयताचा. मेलेल्याला हात लावलेला माणूस झाडाखाली आला की अळ्या काळ्या पडतात, उलट्या लटकतात आणि पाणी होऊन गळतात, हे बोरटोल्यातलं शेंबडं पोरही सांगत असे. मयताची नुसती बातमी कानावर आली तर विटाळ होत नाही, हात लावला तरच होतो, एवढी सवड मात्र जुन्या लोकांनी ठेवली होती. म्हणून निरोप घेऊन येणारा नाल्याच्या पलीकडे उभा राही आणि तिथूनच ओरडे. आजारपणाचा निरोप तर कोणी आणतच नसे. आजारी माणूस बरा होतो नाहीतर मरतो, तोपर्यंत राखणदाराचं मन कशाला हलवायचं, असा हिशेब.

मुखरूचा आणि त्याच्या थोरल्या भावाचा, दसरूचा, रानाचा तुकडा एकच होता. बाप्तिस्म्यानंतर दसरूनं सरळ सांगितलं, "तुझा देव तुले लखलाभ. पण कोशाचे नियम पाळशीन तं संगं ये." मुखरू हो म्हणाला. पहिल्या झाडाची पूजा दसरू करी, तेव्हा मुखरू पाठ करून उभा राही, बाकी सगळं पाळी. पास्टर वामनराव महिन्यातून एकदा एस.टी.नं गडचिरोलीहून येत. त्यांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले की दाढी वाढवायला प्रभूची ना नाही. पास्टरांना कोशातलं काही कळत नव्हतं. मुखरूलाही दोन डगरींवर पाय ठेवून उभं राहायला तेव्हा त्रास होत नव्हता.

१९८३ चा भादवा आला. अळ्यांची चौथी झोप, म्हणजे शेवटची कात टाकणं, होऊन गेली होती. या दिवसांत त्या इतक्या खातात की झाडाखाली उभं राहिलं तर पाला कुरतडल्याचा आवाज ऐकू येतो. दुपारी नाल्यापलीकडे सीतेचा भाऊ मंगरू येऊन उभा राहिला.

"भाऊजी," तो ओरडला, "कौसी गेली. दोन दिवस ताप होता. आता चाला."

मुखरू उठून उभा राहिला. हातात नुकतीच छाटलेली फांदी होती, तिच्यावर वीसेक अळ्या. शेजारच्या झाडाखालून दसरू म्हणाला, "जाशीन तं कोसा होयेपर्यंत इकडे येता येणार नाई तुले. दहा दिवस राह्यले. मी एकटा काय काय पाहू?"

तो धमकी देत नव्हता. कौसीला त्यानं खांद्यावर बसवून नदीवर नेलं होतं, त्याचेही डोळे भरले होते. डोळे पुसत तो म्हणाला, "पोर तं गेलीच. तू गेल्यानं येणार हाये काय?"

मुखरू नियम मानत नव्हता. मेलेल्याला हात लावल्यानं अळी मरत नाही, हे त्याला पटलेलं होतं. फांदी खाली ठेवायची, नाला उतरायचा, अर्ध्या तासाची पायवाट चालायची. हे सगळं त्याच्या मनात नीट क्रमानं आलं. आणि तो खाली बसला. का बसला ते त्याला त्या दिवशी सांगता आलं नसतं, पुढेही कधी आलं नाही.

"मंगरू, तुमी देऊन टाका माती," तो म्हणाला.

मंगरू आल्या वाटेनं परत गेला. संध्याकाळपर्यंत मुखरूनं तीन झाडांच्या अळ्या दुसरीकडे हलवल्या.

त्या साली कोसा असा लागला की म्हाताऱ्यांनी तोंडात बोटं घातली. माणसानं नियम पाळावा तर मुखरूसारखा, असं लोक बोलू लागले. तो घरी आला तेव्हा सीतानं पाय धुवायला पाणी दिलं, भात वाढला. पोर कशी गेली, शेवटी काय बोलली, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. फक्त रविवार आला तेव्हा ती उपासनेला उठली नाही.

"मी देवाले काई म्हणत नाई," ती म्हणाली. "तुमच्या बाजूले बसून त्याचं नाव घेणार नाई, एवढंच."

त्या दिवसापासून मुखरूच्या आत काहीतरी बसलं ते बसलंच. तो खाई, पण भाजीत मीठ आहे की नाही हे त्याला कळत नसे. लोक बोलत ते ऐकू येई, पण लांबून आल्यासारखं. रडू यायला हवं, हे त्याला समजत होतं. त्यानं दोन-तीनदा मुद्दाम नदीवर एकटं बसून पाहिलं. रडू आलं नाही. डास चावले, तेव्हा उठून आला.

जातीचे पंच घरी आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्या देवानं नवसावर पोर दिली त्यानंच परत नेली, म्हणजे करार मोडला. एक नारळ फोड, एक पंगत घाल, तू मोकळा. बोलणं बिनतोड होतं. मुखरूनं मान हलवली आणि पुढच्या रविवारी उपासनेला गेला. त्याच्या पुढच्या रविवारीही गेला. कोणी याला श्रद्धा म्हणेल. खरं सांगायचं तर बैलाला घरची वाट माहीत असते तसा तो जात होता, आत काही नव्हतं. पण जात होता, एकही रविवार चुकला नाही.

आणि इथंच एक विचित्र गोष्ट होऊन बसली. ख्रिस्ती मंडळींत साक्ष देण्याची रीत आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं ते माणसानं सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. मुखरूची साक्ष पास्टर वामनरावांना फार आवडे. कौसी बरी झाली त्याच वर्षी त्यांनी त्याला ती द्यायला शिकवलं होतं आणि ठिकठिकाणी नेलं होतं. कौसी गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी त्यांनी पुन्हा बोलावलं. ते दुःखातून माणूस बाहेर पडावा म्हणून बोलावत होते, त्यात खोट नव्हती. मुखरू उभा राहिला आणि नेहमीची साक्ष सांगितली. पोर मरणाला टेकली होती, दवाखान्यात नेली, प्रार्थना केली, तिसऱ्या दिवशी उठून भात मागितला. आमेन. तो बसला. पुढं त्यानं काही जोडलं नाही. पास्टरांनीही विचारलं नाही.

अशी ती अर्धी साक्ष तीन वर्षं चालली. माजरीला कोळसा खाणीतल्या कामगारांची मंडळी होती, तिथं तर बाया पदर डोळ्यांना लावून ऐकत. एकदा सभा संपल्यावर एक बाई जवळ आली आणि कौतुकानं म्हणाली, "दादा, पोरगी आता केवढी झाली?"

"सात वर्षांची," मुखरू म्हणाला.

कौसी सात वर्षांचीच गेली होती. परतीच्या एस.टी.त त्याला आपण काय बोललो ते आठवलं. लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

नदीपलीकडचा दवाखाना एव्हाना बंद पडला होता. गिरजाबाईला जायला जागा नव्हती, म्हणून ती बोरटोल्याच्या टोकाला, प्रार्थनेच्या झोपडीशेजारी येऊन राहिली. सीता येईनाशी झाल्यावर गावात उपासनेला येणारे तिघंच, ती, मुखरू आणि लच्छू नावाचा एक म्हातारा डोंगेवाला, जो उपासनेत नेमानं पेंगत असे. गिरजाबाईनं मुखरूला अक्षरं शिकवायला घेतली. पस्तिशीच्या माणसाच्या हाताला पाटी शोभत नाही, पण तो शिकला. एका पावसाळ्यात अक्षरं, दुसऱ्यात जोडाक्षरं. तो झोपडी झाडी, तिच्यासाठी पाणी भरी, तिच्या बधिर पायांना कुठं जखम झाली का ते रोज पाही. एक दिवस ती त्याच्याच पायाकडे बघत राहिली. टाचेत बाभळीचा काटा मोडून दोन दिवस झाले होते, भोवती पू धरला होता.

"दुखत नाई काय तुले?" तिनं विचारलं.

"नाई."

"मले रोग झाला होता म्हणून दुखत नाई," ती म्हणाली. "तुले काऊन दुखत नाई?"

तिनं वाकड्या बोटांत सुई धरून काटा काढला. त्याला वेळ लागला. काढता काढता ती सहज म्हणाली, "मी मेली तं मले माती कोण देईन?"

"मी देईन," मुखरू म्हणाला.

"भादव्यात मेली तं?"

मुखरूनं पाय आवरला आणि तो पाण्याची घागर घेऊन निघाला. गिरजाबाईनं पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तो प्रश्न त्याच्याबरोबर राहिला. पाणी भरताना, पाटीवर लिहिताना, दसरूसोबत रानात खोपटं बांधताना. देवानं आपल्याला सप्पा मागितलं होतं, आणि कोशाच्या रानात आपण कोणाचे असतो, हे त्याला सांगता येत नव्हतं.

ती भादव्यातच मेली. १९८६ साल. वैनगंगेला पूर होता, गडचिरोलीचा रस्ता चार दिवसांपासून बंद. सकाळी नाल्यापलीकडे बालवाडीची बाई सत्यशीला येऊन उभी राहिली. गावातल्या बौद्ध घरची, शिकलेली मुलगी. गिरजाबाईशी तिचं बरं जमे.

"मुखरूभाऊ," ती म्हणाली, "गिरजाबाई पहाटे गेल्या. लच्छूभाऊ एकटेच आहेत. गावातलं कोणी हात लावायला तयार नाही. रोगाची बाई म्हणतात, जात माहीत नाही म्हणतात. माझे बाबा येतील, पण खड्डा खोदायला माणूस पाहिजे."

मुखरूच्या हातात गुलेल होती. ती त्यानं खोपटाच्या कुडाला टांगली. इतरांच्या साक्षींमध्ये अशा वेळी काहीतरी होत असे, कोणाच्या कानात आवाज येई, कोणाचं मन भरून येई. तो क्षणभर वाट पाहत थांबला. काहीच झालं नाही. झाडावर अळ्या पाला खात होत्या. तो नाल्याकडे चालू लागला.

दसरू आडवा आला. मागच्या वर्षी अर्ध्या अळ्या रोगानं गेल्या होत्या आणि दसरूच्या घरी सात माणसं होती. तो घाबरला होता, म्हणून आवाज चढला.

"कोण लागते ते तुही? पोटची पोर गेली तवा उठला नाईस, अन् परक्या बाईसाठी उठून राह्यला?"

"हो भाऊ," मुखरू म्हणाला. "तवा उठाचं होतं."

"मंग आता परत नको येऊ."

"नाई येत. हात लावून तुया झाडाखाली मी येणार नाई. माह्या वाट्याच्या झाडायचा कोसाही तूच घे." आणि मग, भावाचा चेहरा पाहून, तो म्हणाला, "पुढच्या सालीही येणार नाई. आता मी नियम पाळणार नाई, अन् न पाळता तुयाजवळ बसून तुले भेव दाखवणार नाई."

दसरू बाजूला झाला. मुखरू नाला उतरला. पाणी छातीपर्यंत होतं.

माती ओली होती, खड्डा लवकर झाला. खाट चार कोपऱ्यांना धरावी लागते. लच्छू, मुखरू, सत्यशीलेचे वडील सोमाजी, आणि चौथ्या कोपऱ्याला सत्यशीला स्वतः. गाव आपापल्या दारात उभं राहून बघत होतं. सीताही दारात उभी होती. खाट तिच्यासमोरून गेली, तेव्हा मुखरूची वाढलेली दाढी, अंगावरची रानातली धोतराची चिंधी तिनं पाहिली. ती आली नाही, पण आतही गेली नाही. पास्टर नव्हते, म्हणून मुखरूलाच प्रार्थना करावी लागली. त्याला शब्द सुचले नाहीत. "हे गिरजाबाई आहे," तो म्हणाला. "तुले माईत आहे. आमेन." लच्छू जागा होता, त्यानंही आमेन म्हटलं.

घरी सीतानं आंघोळीला ऊन पाणी काढलं. तो नहाला, दाढी भादरून आला. ती चुलीपाशी बसली होती.

"दसरूभाऊनं हाकललं काय?"

"नाई. मीच आलो."

तव्यावरची भाकर उलटून ती म्हणाली, "कौसीच्या वेळी मंगरू आला, तवा तुमी काय करून राह्यले होते?"

तीन वर्षांत तिनं पहिल्यांदा पोरीचं नाव त्याच्यासमोर घेतलं होतं. मुखरूला बहाणे ठाऊक होते. अळ्यांची चौथी झोप, दसरू एकटा, दहा दिवस. त्यानं त्यातलं एकही सांगितलं नाही.

"फांदी हातात होती," तो म्हणाला. "उभा राह्यलो. मंग बसलो."

सीतानं तवा उतरवला आणि त्याला जेवायला वाढलं.

त्या साली दसरूचा कोसा मध्यम आला. अळ्या सगळ्या मेल्याही नाहीत आणि भरभरूनही लागल्या नाहीत, त्यामुळे मुखरूमुळे वाईट झालं असं म्हणता येईना आणि त्याच्यावाचून बरं झालं असंही म्हणता येईना. गावाची मोठी पंचाईत झाली. दसरू मात्र बोलेनासा झाला. मुखरू लच्छूच्या डोंग्यावर माणसं नदीपार करू लागला. मिळकत घटली. प्रार्थनेच्या झोपडीत आता तो आणि लच्छू असे दोघंच असत, आणि मुखरू बोट ठेवून, अडखळत, मोठ्यानं वाचत असे. आत अजून तसंच रिकामं होतं. फक्त पूर्वी तो बैलासारखा जाई, आता निघताना मनाशी ठरवून निघे, एवढा फरक त्याला स्वतःला कळत होता.

डिसेंबरात गडचिरोलीला संजीवन सभा भरली. पास्टर वामनरावांचा निरोप आला, साक्षीला या. मुखरू धोतर धुवायला घेऊन निघाला तेव्हा सीता म्हणाली, "माहं लुगडंही घ्या. मी बी येईन."

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. गडी एकीकडे, बाया एकीकडे. तीन-चारशे माणूस. सकाळी अकराच्या सुमाराला पास्टरांनी नाव पुकारलं आणि आधीच सांगून टाकलं की या भावाची साक्ष ऐकून तुमचा विश्वास वाढेल. मुखरू उभा राहिला. नेहमीसारखं त्यानं सुरू केलं. पोर मरणाला टेकली होती, दवाखान्यात नेली, तिसऱ्या दिवशी उठून भात मागितला. लोकांनी आमेन म्हटलं. बसायची वेळ आली होती. तो बसला नाही.

"मंग तीन वर्षांनी ते मेली," तो म्हणाला.

मांडवात कुजबुज झाली आणि थांबली.

"तिचं नाव कौसी. हे मी तुमाले तीन वर्षं सांगतलं नाई. ते मेली तवा मी कोशाच्या रानात होतो. मंगरू बलवाले आला. मी उठलो अन् बसलो. नियमाले भेलो असं नाई. नियम मी मानत नव्हतो. देव मानत होतो, अन् तरी बसलो. पोरीले माती मी देल्ली नाई. कोसा लय चांगला झाला. लोकायनं नाव काढलं. तवापासून मले काई वाटत नाई. प्रार्थनेतही वाटत नाई. गिरजाबाई म्हणे, त्याले सप्पा माणूस लागते. मी अर्धाच देल्ला होता, अन् तुमाले साक्षही अर्धीच देल्ली. आता हे दुसरी अर्धी. यात देवानं काई केलं नाई, जे केलं ते मी केलं. तरी मी त्याचाच आहो. मले दुसरीकडे जाचं नाई."

कोणी आमेन म्हटलं नाही. अशा साक्षीला काय म्हणायचं असतं, हे कोणाला ठाऊक नव्हतं. पास्टर वामनरावांचा चेहरा उतरला होता. मुखरूला तीन वर्षं हात धरून उभं करणारे तेच होते, आणि हे त्यांना आत्ता उमगलं. ते गीताचा नंबर सांगायला उठले. तेवढ्यात बायांच्या बाजूला सीता उभी राहिली. ती कोणाकडेही पाहत नव्हती, मुखरूकडे पाहत होती.

"तुमी इचारलं नाई म्हणून मी सांगतलं नाई," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मांडवात शेवटपर्यंत ऐकू गेला. "त्या दिवशी सकाळपासून ते तुमचंच नाव घेऊन राह्यली होती. बाबा निघाला काय, म्हणे. मी म्हटलं, निघाला. कुठी आला? मी म्हटलं, नाला उतरला. घटकाभरानं पुन्हा इचारे. मी म्हटलं, मोठ्या बांधावर आला. मंग म्हटलं, विहिरीजवळ आला, पाणी पिऊन राह्यला. असं सांगत सांगत मी तुमाले आंगणात आणलं. तवा तिनं डोळे मिटले. बाबा आला, असं समजून गेली ते."

मुखरू भरल्या मांडवात खाली बसला. आणि तो चारशे माणसांसमोर, तोंड न झाकता, मोठ्यानं रडू लागला. सीता बाया सोडून गड्यांच्या बाजूला आली आणि त्याच्याजवळ बसली.